कोटीतीर्थाच्या काठचा चित्रकार : आबालाल रहिमान

समुद्राची चित्रे काढणाऱ्यांचे खरे शतक म्हणजे एकोणिसावे. इंग्लंडात टर्नर, रशियात आयवाझोव्स्की, फ्रान्समध्ये मोने अशी एकाहून एक थोर माणसे त्या शतकात झाली. त्यांनी राजे, सेनापती, देवदेवता यांना हळूच बाजूला सारले आणि उजेड, पाणी व आकाश या तिघांनाच चित्राचे नायक केले. आमच्या संकेश्वरला मात्र समुद्र नाही. आहे ती हिरण्यकेशी. ही नदी आंबोलीला उगम पावते. तिथे सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहिले तर स्वच्छ दिवशी पश्चिमेला अरबी समुद्राची रेघ दिसते. इतक्या जवळ जन्मूनही ती समुद्राकडे पाठ फिरवते आणि आजरा, गडहिंग्लज करीत पूर्वेला आपल्याकडे येते. आपल्या मुलखातल्या एका चित्रकाराचेही तसेच झाले. मुंबईला समुद्राच्या काठी शिकून त्याने समुद्राकडे पाठ फिरवली आणि कोल्हापुरात एका तळ्याच्या काठी येऊन तो बसला तो कायमचाच. त्याचे नाव आबालाल रहिमान.

हे नाव मी प्रथम ऐकले ते हायस्कूलमध्ये, ड्रॉइंगच्या तासाला. आमचे सर लोअरच्या परीक्षेची तयारी करून घेत असत. आम्ही आकाशाला बाटलीतला निळा रंग सरसकट फासला, की ते आबालालांचे नाव काढीत. पुढे मी वाणिज्य शाखेला आलो आणि ब्रश सुटला, पण नाव डोक्यात राहिले. आपल्या अंकात नामवंत उद्योगपती आणि राष्ट्रपुरुष यांच्यावर लेख येतच असतात. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या या माणसावर मात्र ना मराठी विभागात काही दिसले ना कन्नड विभागात, म्हणून हे धाडस.

आबालालांचा जन्म कोल्हापुरात १८६० च्या सुमारास झाला. घर सुशिक्षित मुसलमानाचे होते. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम चाले, असे सांगतात. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या मुलाने लहानपणी बोरूने काढलेली अक्षरे आणि पानाभोवतीची सोनेरी वेलबुट्टी पाहिली, त्याला कोऱ्या कागदाचा धाक राहत नाही आणि रेघ ओढताना हात अडखळत नाही. अरबी-फारसीचे शिक्षण घरीच झाले. या फारसीनेच पुढे वाट काढून दिली. कोल्हापुरातल्या एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला हा तरुण फारसी शिकवायला जाई. त्या बाईंनी त्याची चित्रे पाहिली आणि याला मुंबईला पाठवा म्हणून खटपट केली, अशी हकीकत कोल्हापुरात प्रसिद्ध आहे.

मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली सुरू झाले होते. आबालाल तिथे शिकत असताना जॉन ग्रिफिथ्स नावाचे चित्रकार मुख्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. शिकवण्याची पद्धत कडक विलायती होती. प्लॅस्टरचे पुतळे समोर ठेवायचे आणि त्यांवर पडलेला उजेड व सावली कोळशाने नाहीतर पेन्सिलीने तासन्‌तास उतरवायची. आज हे कंटाळवाणे वाटेल. पण उजेड ही वस्तूवरून वेगळी काढून पाहण्याची गोष्ट आहे, हे ज्ञान त्यातूनच येत असले पाहिजे. आबालाल या शिक्षणात एवढे निघाले की १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे पदक मिळाले. मुंबईत ते काही वर्षे राहिले, म्हणजे पावसाळ्यात खवळणारा आणि हिवाळ्यात तेलासारखा शांत पडणारा समुद्र त्यांनी पाहिला असणारच. त्याची चित्रे काढून मुंबईतच साहेबलोकांत विकली असती तर चार पैसे गाठीला लागले असते.

ही काही माझी कल्पना नव्हे. कोल्हापूरचेच महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली त्याच शाळेत गेले आणि मुंबईतच राहिले. बक्षिसे मिळवली, पुस्तकांसाठी आणि पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली, रावबहादूर झाले आणि त्याच शाळेच्या प्रमुखपदापर्यंत पोचले. धुरंधरांची चित्रे घरोघर गेली, नाव अजून आहे. गाव एक, शाळा एक, काळही जवळजवळ एकच. एकाने बाजारपेठ ओळखली. दुसरा पदक घेऊन गावी परतला.

कोल्हापुरात आल्यावर त्यांनी मुक्काम केला तो कोटीतीर्थाजवळ. हे तळे तेव्हा गावाबाहेर होते. काठावर कोटेश्वर महादेवाचे देऊळ, झाडी आणि भोवताली मोकळे रान. १९०६ साली शेजारी शाहू मिल उभी राहू लागली, तोपर्यंत तिथे माणसांची वर्दळ ती किती असणार! या महादेवाच्या सावलीत एक मुसलमान चित्रकार फकिरासारखा राहतो, दिवसभर तळ्याकडे पाहतो आणि कागदावर रंग लावतो, याचे कोल्हापूरकरांना नवल वाटले असेल. आक्षेप घेतल्याचे मात्र कोणी सांगत नाही. जवळ पैसा नसे. विलायती रंग संपले की पाला, फुले, माती, दगड यांपासून रंग करायचे, मिळेल तो कागद वापरायचा, असे त्यांचे दिवस गेले असे म्हणतात.

आता तळ्यात असे काय आहे, की माणसाने त्यापायी आयुष्य घालवावे? याचे उत्तर मी पुस्तकांतून आणि थोडे आमच्याच नदीवर उभे राहून शोधले. पाण्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. ते आकाशाचा रंग घेते, पण जसाच्या तसा नाही. पायाशी पाहाल तर तळ दिसतो, कारण सरळ खाली पाहताना पाणी उजेड आत घेते. लांबवर तिरके पाहाल तर तेच पाणी आरसा होते. एकाच तळ्यात जवळचे पाणी हिरवट-तपकिरी आणि पलीकडच्या काठाचे रुपेरी दिसते ते यामुळे. उजळ आकाशाची पडछाया पाण्यात थोडी काळवंडते, काळ्या झाडाची पडछाया थोडी उजळते. वारा सुटला की पडछाया मोडते आणि उभी लांब होते. वीतभर पाण्यात एवढे हिशेब असतात आणि सूर्य वर चढला की सगळे पुन्हा पहिल्यापासून मांडायचे! समुद्रात जे घडते तेच तळ्यात घडते, फक्त लाट लहान असते.

हे सगळे जलरंगात धरायचे म्हणजे आणखी कठीण. तैलरंगात पांढरा रंग शेवटी लावता येतो. अस्सल पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा पांढरेपणा. तो लावायचा नसतो, सोडायचा असतो. कुठे रंग घालायचा नाही हे आधी ठरवावे लागते आणि एकदा ओला रंग तिथे गेला की उजेड गेला. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, जे खर्च केले नाही तेवढीच शिल्लक. सरांनी हे वाक्य ऐकले असते तर कान धरला असता. पण मला तरी जलरंग यानेच समजला.

कोटीतीर्थाखेरीज रंकाळाही त्यांचा आवडता. रंकाळ्यात संध्यामठ नावाचा दगडी मंडप आहे. पावसाळ्यात तो पाण्यात बुडतो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघडा पडतो. दगड तोच, पण दर महिन्याला त्याची उंची वेगळी आणि पाण्यातली सावली वेगळी. उजेडाच्या मागे लागलेल्या माणसाला याहून चांगला विषय कुठे मिळणार? आबालालांनी निसर्गचित्रांत पाणी, झाडी आणि धुकट हवा अशा बारीक फटकाऱ्यांनी उभी केली की जाणकारांना त्यात फ्रान्सच्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांची आठवण होते. मोनेने ल हाव्र बंदरातला सूर्योदय १८७२ साली रंगवला. १८७४ साली तो पॅरिसच्या प्रदर्शनात लागला आणि त्याच्या नावावरून सगळ्या पंथाला नाव पडले. योगायोग असा, की शाहू महाराजांचा जन्मही १८७४ चाच. फ्रेंच मंडळींच्या हाताशी पत्र्याच्या नळीतले तयार रंग होते. ती नळी १८४१ साली निघाली, म्हणून त्यांना खोलीबाहेर पडून समुद्रकाठी बसणे सोपे झाले. आबालालही तळ्याकाठीच बसले, पण त्यांच्यापाशी ना तसले दुकान ना तसला पंथ. एकटा माणूस त्याच ठिकाणी वेगळ्या वाटेने पोचला, हे मला त्यांच्या पदकापेक्षा मोठे वाटते.

माझ्या वर्गातल्या कन्नड मित्राला मी हे सांगत होतो तेव्हा एक गंमत लक्षात आली. आपल्याकडे उजेड आणि उजाडणे हे शब्द सख्खे भाऊ आहेत. कन्नडात उजेडाला बेळकु आणि सकाळला बेळग्गे, तेही सख्खेच. दोन्ही भाषांनी सकाळ ही वेळ उजेडावरूनच ओळखली. असो. पुन्हा कोटीतीर्थाकडे जाऊ.

शाहू महाराज २ एप्रिल १८९४ रोजी गादीवर आले. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आलेला हा राजा. निपाणीहून कोल्हापूरला जाताना कागल लागते, तेव्हा आपल्याला काही परका नव्हे. मल्ल, गवई, नट, कारागीर यांची त्यांना पारख होती. आबालालांना त्यांनी दरबारी चित्रकार केले. महाराजांना शिकारीचा नाद, पाळलेल्या चित्त्यांकडून हरणांची शिकार करण्याचा तर विशेष. त्या शिकारीची चित्रे काढण्यासाठी आबालाल बरोबर जात. चित्ता धावतो किती वेळ? डोळ्याची पापणी लवते तेवढा. तो क्षण मनात ठेवून नंतर कागदावर आणायचा. तळ्यावरचा उजेड पाहून तयार झालेली नजर इथे कामाला आली असावी, कारण उजेडही तसाच पळतो. कोल्हापुरात गुळाची पेठ वसवणारा, गिरणी काढणारा आणि राधानगरीला धरण बांधायला घेणारा हा राजा एका फकीर चित्रकाराला सांभाळत होता, आणि बदल्यात त्याला मुंबईच्या बाजारात उभे राहावे लागत नव्हते. मागणीचा नियम आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. इथे ग्राहक एकच आणि तोही आश्रयदाता. अशा व्यवहाराचा धोका उघड आहे.

तो धोका ६ मे १९२२ रोजी खरा झाला. शाहू महाराज मुंबईत वारले. वय अवघे सत्तेचाळीस. यानंतरची गोष्ट कोल्हापुरात लहान पोरेसुद्धा सांगतील. महाराज गेल्याच्या दुःखात आबालालांनी आपली चित्रे कोटीतीर्थात नेऊन बुडवली. ज्या पाण्याची चित्रे काढली त्याच पाण्यात ती गेली. आयुष्यभरात त्यांनी वीस हजार चित्रे काढली, असा आकडाही त्याबरोबर सांगितला जातो.

या आकड्याला पुष्कळजण हसतात. मी वहीवर गुणाकार-भागाकार करून पाहिला. १८८८ ते १९२२ ही चौतीस वर्षे. वीस हजार भागिले चौतीस म्हणजे वर्षाला सुमारे ५८८, दिवसाला दीड-पावणेदोन. पूर्ण चित्रे धरली तर अशक्य. पण जो माणूस सकाळ-संध्याकाळ तळ्यावर जाऊन हातभर कागदावर उजेड टिपतो, त्याची कच्ची चित्रे धरली तर दिवसाला दोन ही काही फार नव्हेत. पडताळ्यासाठी टर्नर घ्या. त्याच्या मृत्यूनंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय संग्रहात आली ती सुमारे तीनशे तैलचित्रे आणि कागदावरची जवळजवळ तीस हजार कामे. त्याने साठेक वर्षे काम केले. वर्षाला पाचशे. म्हणजे कोल्हापूरची दंतकथा आणि लंडनची नोंदवही यांचा मेळ बसतो.

टर्नरचे नाव मी उगाच घेत नाही. न्हाव्याचा मुलगा, १७७५ चा जन्म, चौदाव्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या शाळेत. १८४२ साली त्याने बर्फाच्या वादळात सापडलेल्या आगबोटीचे चित्र लावले तेव्हा टीकाकारांनी हा साबणाचा फेस आणि चुन्याची सफेदी आहे म्हणून टर उडवली. त्या चित्रासाठी त्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले होते, अशी कथा आहे. तीवर अभ्यासकांचा विश्वास नाही, तरी ती अजून सांगितली जाते, आपल्याकडे कोटीतीर्थाची सांगतात तशीच. टर्नर १८५१ साली वारला. मृत्युपत्रावरून नातेवाइकांशी खटला चालला आणि १८५६ साली त्याच्याजवळची सगळी चित्रे देशाची झाली. फाटक्या चिठोऱ्यांनासुद्धा क्रमांक पडले. पुढे जानेवारी १९२८ मध्ये थेम्स नदीला पूर आला, टेट गॅलरीच्या तळघरात पाणी शिरले आणि टर्नरची कागदावरची कामे भिजली. पण ती मोजलेली होती, म्हणून बाहेर काढून वाळवता आली. आबालाल तेव्हा कोल्हापुरात हयात होते. त्यांची चित्रे सहा वर्षांपूर्वीच पाण्यात गेली होती आणि ती किती, कोणती, याची यादी कोणापाशीच नव्हती.

म्हणूनच कोटीतीर्थाची गोष्ट डोळे पुसत सांगितली की मला राग येतो. ती खरी असेलही. दुःखाने माणूस काहीही करतो. पण ती फार सोयीची आहे. चित्रकारानेच बुडवली म्हटले की बाकी सगळे सुटले. एवढ्या मोठ्या शहराने चौतीस वर्षांत त्यांच्या झोपडीत जाऊन एक वही भरली असती, तर आज बुडालेल्या मालाचा निदान हिशेब तरी असता. आणि सगळेच काही तळ्यात गेले नसेल. जलरंगाचे चित्र ही मोठी नाजूक मालमत्ता. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेने कागदावर बुरशी येते, वाळवी लागते, पै-पाहुणे मागून नेतात. सर्वांत विचित्र म्हणजे उजेडच त्याचा वैरी. भिंतीवर उन्हासमोर टांगले की काही रंग वर्षांत उडून जातात. संग्रहालयांत अशी चित्रे पन्नास लक्सच्या आसपास, म्हणजे मिणमिणत्या प्रकाशात ठेवतात ते याचसाठी. ज्याला घसारा म्हणतात तो इथे सूर्यच लावतो.

छापखान्याचा मार्गही त्यांनी धरला नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. संकेश्वरातल्या जुन्या वाड्यांतही त्या तसबिरी आहेत. मूळ चित्र हरवले तरी हजार प्रती उरतात. पण सकाळच्या कोटीतीर्थाची तसबीर कोणी देवघरात लावली असती काय? शंका आहे. देवाला गिऱ्हाईक होते, धुक्याला नव्हते.

शाहू महाराजांनंतरची नऊ वर्षे आबालालांनी कोल्हापुरातच काढली आणि १९३१ च्या डिसेंबरात ते वारले. त्यांनी शाळा काढली नाही, पुस्तक लिहिले नाही. तरी कोल्हापूरचे चित्रकार त्यांना आपले पहिले गुरू मानतात. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे मेस्त्री बंधू त्यांच्यानंतरच्या पिढीचे. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली सैरंध्री पडद्यावर आणली. पडद्यावर उजेड-अंधाराचा खेळ मांडणारी ही माणसे ज्या गावात वाढली तिथे तळ्याकाठी आबालाल बसलेले असत, हे विसरून चालणार नाही. नटश्रेष्ठ चंद्रकांत मांडरे यांनी सिनेमातून सवड काढून आयुष्यभर निसर्गचित्रे केली. कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्यांचे राहते घरच आता चित्रांचे संग्रहालय आहे.

आबालालांची जी थोडी चित्रे उरली त्यांतली काही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. आपल्या भागातले लोक दवाखान्याच्या कामासाठी सीपीआरला नेहमीच जातात. टाऊन हॉल त्याच्या समोरच, बागेत, उंच टोकदार छपरांचा. त्याच संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४६ च्या सुमारास उत्खननात सापडलेली पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्ती आहे. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारातून तो रोमन जहाजाने आपल्या किनाऱ्याला आला आणि घाट चढून पंचगंगेकाठी पोचला. तो पाहायला गर्दी होते. त्यात वेळ घालवा, पण आबालालांच्या चित्रांसाठी निदान अर्धा तास राखून ठेवा. घाईने पाहिले तर ती नुसती करडी-हिरवी दिसतात. काचेवर खिडकीचा उजेड चमकत असेल तर एक पाऊल बाजूला सरकून उभे राहा.